ट्रॉफी हंटिंगवर सरसकट बंदी मागावी का? खासदाराला पत्र लिहिण्याआधी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंचा हा प्रश्न आहे. आफ्रिकेत हौसेने मारलेल्या प्राण्यांची मुंडकी, कातडी, सुळे, म्हणजेच 'ट्रॉफी', ब्रिटनमध्ये आणायला बंदी घालावी, म्हणून त्यांना आपल्या खासदाराला पत्र लिहायचं आहे. तसं विधेयक मार्च २०२३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, मंजूर केलं होतं, पण वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये, ते रखडलं आणि बारगळलं. २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने पुन्हा त्याच बंदीचं आश्वासन दिलं. झिम्बाब्वेत ट्रॉफीसाठी मारलेल्या सिसिल सिंहाची २०१५ ची बातमी ताईंच्या मनातून अजून गेलेली नाही. मात्र नामिबियातल्या गावकऱ्यांचं म्हणणं वाचल्यापासून पत्र अर्धवट पडलं आहे. त्या विचारतात, "शिकारीमुळे प्राणी वाचतात हे खरं, की श्रीमंतांनी रचलेली सबब?"

ताई, काही ठिकाणी ते खरं आहे आणि काही ठिकाणी ती निव्वळ सबब आहे. नकाशावर ही ठिकाणं कधीकधी शेजारी शेजारी असतात. म्हणून शिकार चांगली की वाईट, या वादात मी सहसा शिरत नाही. कोटा (वर्षाला किती प्राणी मारायचे तो आकडा) आणि करारांचे कागद तपासताना मी एवढंच बघतो, की या जमिनीवरून शिकारी उठला तर त्याच्या जागी कोण येणार. कॅमेरेवाला पर्यटक येणार असेल, तर शिकारीची गरज नाही. गुरं, मक्याची शेती, कोळशाच्या भट्ट्या आणि तारेचे फास येणार असतील, तर बंदीने वाचलेला एक सिंह पुढच्या पाच वर्षांत सगळ्या कळपासकट जातो.

सहाराच्या दक्षिणेला शिकारीसाठी राखलेली जमीन सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर आहे, तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा जास्त. त्यातली बरीचशी कॅमेरेवाल्यांच्या कामाची नाही. घनदाट झुडपी रान, रोग पसरवणारी त्से-त्से माशी, पावसाळ्यात बंद होणारे रस्ते, आणि दिवसभर फिरून तीन हरणं दिसणार. फोटो-पर्यटनाच्या लॉजला वर्षभर खोल्या भरलेल्या लागतात. शिकारीच्या तंबूला दोन पाहुणे पुरतात. ते दहा ते एकवीस दिवस राहतात आणि प्राणी दिसला नाही तर त्याच्या मागावर पायी फिरण्याचेच पैसे देतात.

नामिबियाचं उदाहरण सगळे देतात, पण त्यामागची यंत्रणा कुणी सांगत नाही. तिथे १९७५ च्या कायद्याने खासगी शेतमालकांना, म्हणजे तेव्हा गोऱ्यांना, आपल्या जमिनीवरच्या प्राण्यांवर हक्क मिळाला होता. सामाईक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या रहिवाशांच्या वाट्याला हत्तीने तुडवलेलं शेत तेवढं आलं. स्वातंत्र्यानंतर १९९६ मध्ये कायदा बदलला. गावकऱ्यांनी हद्द ठरवायची, सभासदांची यादी करायची, घटना लिहायची, समिती निवडायची आणि फायदा कसा वाटणार ते कागदावर मांडायचं. एवढं झालं की त्यांची 'कन्झर्व्हन्सी' नोंदवली जाते आणि शिकार व पर्यटनाचे करार करायचा हक्क तिला मिळतो. १९९८ मध्ये पहिल्या चार झाल्या. आज ८६ आहेत आणि देशाची साधारण २० टक्के जमीन त्यांच्याकडे आहे.

रोजचं काम मात्र रुक्ष असतं. गावातलेच गेम गार्ड, म्हणजे प्राण्यांचे राखणदार, 'इव्हेंट बुक' नावाची वही ठेवतात. गस्तीत कुठला प्राणी दिसला, कुठे फास सापडला, कुणाची शेळी बिबट्याने नेली, याच्या नोंदी त्यात होतात आणि वर्षाअखेरीस त्यांचे तक्ते बनतात. वायव्येकडे दरवर्षी ठरलेल्या रस्त्यांवरून गाड्या फिरवून मोजणी होते. कोटा यावरून ठरतो. गेल्या दशकात तिथे लांबलचक दुष्काळ पडला, ऑरिक्स, स्प्रिंगबॉक आणि झेब्रे फार घटले, तेव्हा कोटेही उतरवावे लागले. यंत्रणा खरी आहे की देखावा, हे मी इथे ओळखतो: मोजणी खाली आली तर कोटा खाली येतो का? दहा वर्षं एकच आकडा छापून येत असेल, तर तो ऑफिसात बसून टाकलेला असतो.

नामिबियातल्या ७७ कन्झर्व्हन्सींचा १९९८ ते २०१३ चा हिशेब एका अभ्यासात तपासला गेला आहे. शिकारीचं उत्पन्न स्थापनेनंतर तीनेक वर्षांत सुरू होतं, पर्यटनाचं सहाएक वर्षांनी. पर्यटनातून मुख्यतः लॉजवरच्या पगारी नोकऱ्या मिळतात, शिकारीतून समितीच्या तिजोरीत रोख आणि गावाला मांस. गेम गार्डचा पगार या रोख पैशातून निघतो. कालाहारीच्या कडेला न्याय-न्याय कन्झर्व्हन्सी आहे, सुमारे ९,००० चौरस किलोमीटरची. तिथल्या सान लोकांसाठी हत्तीच्या शिकारीचा करार हेच उत्पन्नाचं मोठं साधन आहे. लॉज बांधा, असं त्यांना लंडनहून सांगणं सोपं आहे. त्या वाटेने पर्यटकच जात नाहीत.

विदर्भात रोही आणि रानडुकरांनी एका रात्रीत उभं पीक झोपवल्यावर शेतकरी काय बोलतो ते आपल्याला माहीत आहे. रोहीच्या जागी हत्ती ठेवा, तोही दारातली पाण्याची टाकी फोडणारा. बोट्स्वानात असे सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. तिथे २०१४ मध्ये शिकारबंदी आली आणि सांकुयोसारख्या गावांचं उत्पन्न आणि मांस दोन्ही थांबलं. २०१९ मध्ये बंदी उठली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसींनी २०२४ मध्ये ट्रॉफी आयातीवर निर्बंध आणू पाहणाऱ्या जर्मनीला २०,००० हत्ती पाठवून देतो म्हणून सुनावलं, त्यामागे हा राग होता.

आता दुसरी बाजू. एवढं वाचून कुणी शिकारीचा झेंडा घेऊन निघाला, तर मी त्याला आधी सिंहाचा हिशेब करायला लावतो.

हरणांमध्ये काही नर मारले तरी उरलेले नर माद्यांना पुरतात. सिंहांत तसं नसतं. कळपाचा ताबा असलेला नर मेला की बाहेरचे नर येतात आणि आधीच्या नराची लहान पिल्लं मारून टाकतात, कारण त्याशिवाय माद्या लवकर पुन्हा माजावर येत नाहीत. म्हणजे परमिटावर एक सिंह असतो आणि रानातून मात्र एक नर आणि त्याची सगळी पिल्लं वजा होतात. दर दोन वर्षांनी ताबा बदलत राहिला, तर त्या कळपात एकही पिल्लू वयात येत नाही.

म्हणून वयाची अट आली. पाच-सहा वर्षांपुढच्या नराची एखादी पिढी बहुधा हाताशी आलेली असते, त्यामुळे तो मारला तर संख्येला फारसा धक्का बसत नाही, असं गणित टांझानियातल्या नोंदींवरून मांडलं गेलं. पुढे सहा वर्षं ही मर्यादा रूढ झाली. वय ओळखायच्या खुणाही ठरल्या. नाक लहानपणी गुलाबी असतं आणि वयाबरोबर काळे ठिपके वाढत जातात. दात पिवळे पडून झिजतात. तोंडावर ओरखड्यांची जाळी दिसते. आयाळीवर भरवसा ठेवू नये. उष्ण भागात ती विरळच राहते आणि चांगल्या खाण्यावर चार वर्षांचा नरही भरघोस दिसतो. मारल्यानंतर दाताचा एक्स-रे काढून आतल्या पोकळीवरून वय तपासता येतं.

नुसती अट लिहून मात्र काही होत नाही. एकवीस दिवसांच्या सफारीचा अठरावा दिवस, गिऱ्हाइकाने पैसे भरलेले, आमिषावर एक चार वर्षांचा नर आलेला. गाइडचं बक्षीस त्या एका गोळीवर अवलंबून असतं. तिथे नियम मोडतो. मोझांबिकच्या नियासा अभयारण्यामध्ये यावर बरा उपाय काढला: मारलेल्या सिंहाचं वय तपासायचं आणि तो लहान निघाला तर त्या कंपनीचा पुढचा कोटा कापायचा. पुढच्या वर्षीचा धंदा जाणार हे कळलं की गाइड गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकतो.

सिसिलचं प्रकरण या गणितात नीट बसवून पाहा. तो झिम्बाब्वेतल्या ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर मारला गेला, वय तेराच्या आसपास. नुसत्या वयाच्या अटीत तो बसला असता. खरी अडचण कुंपण नसलेल्या हद्दीची आहे. ह्वांगेभोवतीच्या शिकारपट्ट्यात १९९९ ते २००४ या काळात अभ्यासासाठी खूण केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के शिकाऱ्यांनी मारले होते. पट्ट्यातला नर गेला की जागा रिकामी होते, उद्यानातला नर तिथे सरकतो, तोही मारला जातो. कोटा बाहेरच्या जमिनीवर लिहिलेला आणि सिंह आतून पुरवले जात होते. २००५ पासून काही वर्षं तिथली सिंहाची शिकार थांबवली, तेव्हा नरांची संख्या सावरली. मला सिसिलच्या फोटोपेक्षा हा आकडा जास्त अस्वस्थ करतो.

हत्तीचं गणित वेगळं आहे, आणि तिथे टक्केवारीची हातचलाखी चालते. बोट्स्वानाचा वार्षिक कोटा ४०० च्या घरातला, म्हणजे एकूण हत्तींच्या जेमतेम ०.३ टक्के. ऐकायला नगण्य. पण ट्रॉफीसाठी हत्तीण किंवा पोरगेला नर कुणी मारत नाही. मारतात ते पस्तिशी ओलांडलेले, जाड सुळ्यांचे नर, आणि असे नर कुठल्याही कळपप्रदेशात मूठभरच असतात. टक्का त्या मुठीवर काढायला हवा. किलिमांजारोच्या पायथ्याशी हेच झालं. केनियातल्या अंबोसेलीत वाढलेले प्रचंड सुळ्यांचे नर सीमा ओलांडून टांझानियात जातात. तिथे २०२३-२४ च्या काही महिन्यांत असे किमान पाच नर मारले गेले. टांझानियाच्या राष्ट्रीय हिशेबात पाच म्हणजे काहीच नाही. अंबोसेलीसाठी तो मोठा घाव आहे.

'म्हातारा नर तसाही कामाचा नसतो' हे वाक्य ऐकलं, की समोरच्याला पिलानेसबर्गचं विचारा. दक्षिण आफ्रिकेतल्या या उद्यानात आईबापांविना आणलेले नर हत्ती नव्वदच्या दशकात वेळेआधीच मदावर येऊ लागले आणि त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे ठार केले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा मोठे नर आणून सोडले. पोरांचा मद उतरला, गेंडे मारणं थांबलं. थोरला नर नुसता उभा असला तरी कामाचा असतो.

पैशाबद्दल थोडक्यात, पण हे लक्ष देऊन वाचा, कारण बहुतेक फसवणूक इथेच असते. शिकाऱ्याच्या बिलात प्रत्येक दिवसाचा दर, प्रत्येक प्राण्याची ट्रॉफी फी, आणि शेवटी कातडी खारवून, कवट्या उकळून, पेटीत भरून पाठवण्याचा खर्च असे भाग असतात. लांब सफारीत दिवसाच्या दराचा भाग मोठा होतो आणि तो सफारी कंपनीकडे जातो. गावाचा वाटा बहुधा फक्त ट्रॉफी फीवर मोजतात. त्यामुळे 'गावाला ५० टक्के' असं छापलेलं असतं तेव्हा ते ५० टक्के कशाचे, हे आधी विचारायचं. मग पैसे कुणाच्या खात्यात पडतात ते बघायचं. शिकारीच्या पैशात गावांना वाटा देणाऱ्या झिम्बाब्वेच्या कॅम्पफायर योजनेत सुरुवातीला ते जिल्हा परिषदेकडे जात आणि तिथेच मुरत. म्हणून २००७ च्या नियमांनी गावाचा वाटा निदान ५५ टक्के ठरवून थेट गावाच्या खात्यात भरायला सांगितलं. करार किती वर्षांचा हेही महत्त्वाचं. दोन वर्षांचा ठेका असलेला माणूस पाणवठा बांधत नाही, गस्तीवर खर्च करत नाही. हाती येईल ते मारून निघून जातो.

आणि सगळे कागद असूनही रान रिकामं होऊ शकतं. टांझानियाच्या सेलूस अभयारण्याचा बहुतांश भाग शिकारीच्या ठेक्यांत विभागलेला होता. २००९ मध्ये तिथे सुमारे ३९,००० हत्ती मोजले गेले, २०१३ मध्ये सुमारे १३,०००. हे ट्रॉफीवाल्यांनी मारले नाहीत, हस्तिदंतासाठी चोरट्या शिकाऱ्यांनी मारले. पण शिकारी रानात असला की चोर येत नाही, हा दावा सेलूसने खोटा ठरवला.

शिकारीच्या बाजूने केनियाचा दाखला येईल: तिथे १९७७ पासून शिकारबंदी आहे आणि १९७७ ते २०१६ मध्ये वन्यप्राणी सुमारे ६८ टक्के घटले. आकडा बरोबर, पण बंदीमुळे घटले असं त्यातून सिद्ध होत नाही. सामाईक कुरणांचे तुकडे पडले, कुंपणं आली, शेळ्यामेंढ्या बेसुमार वाढल्या. बंदीचा दोष एवढाच, की जमीनमालकाला प्राणी ठेवण्यात काही लाभ उरला नाही आणि दुसरा लाभ कुणी दिलाही नाही. जिथे दिला तिथे फरक पडला. मसाई माराभोवतीच्या कन्झर्व्हन्सींत लॉजवाले मसाई कुटुंबांना जमिनीचं भाडं महिन्याच्या महिन्याला देतात, आणि तिथे एकही गोळी न झाडता प्राणी टिकले आहेत. मारासारखी गर्दी सगळीकडे नसते, हे मात्र वर आलंच.

एका प्रकाराबद्दल मी 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणणार नाही: दक्षिण आफ्रिकेतले पिंजऱ्यात वाढवलेले सिंह. असे काही हजार सिंह आहेत, तिथल्या रानटी सिंहांपेक्षा जास्त. पिल्लं असताना पर्यटकांना कुरवाळायला देतात, मोठे झाले की कुंपणात सोडून मारायला देतात, हाडं आशियात विकतात. यातून एक एकरही रान राखलं जात नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये अशा ट्रॉफी आणणं बंद केलं, आणि २०२१ मध्ये खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेच हा धंदा गुंडाळायचं धोरण जाहीर केलं. इथे आयातबंदी हवी, उद्याच हवी.

मौजेखातर जीव घेणं मुळातच पटत नाही, अशी तुमची भूमिका असेल तर ती प्रामाणिक आहे आणि कुठल्याही कोट्याच्या गणिताने ती खोडता येत नाही. फक्त मग पत्रात दुसरी मागणीही जोडा: बंदीमुळे ज्या गावांचं उत्पन्न जाईल त्यांना ब्रिटनने ते दरवर्षी द्यावं. एकदाच देऊन भागणार नाही, कारण गेम गार्डचा पगार दर महिन्याला होतो. ब्रिटनमधली बहुतेक पत्रं ही ओळ गाळतात.

आपल्याला, भारतीयांना, हात झटकता येतील असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोत आलेले आठ चित्ते नामिबियाचे. त्या देशाला साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारानुसार वर्षाला १५० चित्ते, जिवंत आणि ट्रॉफी मिळून, बाहेर पाठवायची मुभा आहे. तिथले बहुतेक चित्ते उद्यानांत नसून खासगी शेतजमिनींवर राहतात, जिथे शेतकऱ्याने चित्ता सहन करायचा की गोळी घालायची हे बरंचसं हरणांच्या किमतीवर ठरतं.

मी पत्र लिहिलं असतं तर सरसकट बंदीऐवजी सशर्त आयात मागितली असती. परवाना मागणाऱ्याने दाखवावं की प्राणी शिकारीच्या कुठल्या ब्लॉकमधला (ठेक्याने दिलेल्या पट्ट्यातला), तिथली शेवटची मोजणी कधीची, त्यानंतर कोटा बदलला का, सिंह असेल तर दाताच्या एक्स-रेवरून वय किती, आणि गावाच्या खात्यात पैसे जमा झाल्याची पावती. पावती नसेल तर पेटी बंदरातून परत. पिंजऱ्यातल्या सिंहांवर मात्र पूर्ण बंदी.

खासदाराला आकडेही मागा. साइट्सच्या व्यापारनोंदी केंब्रिजमधून सांभाळल्या जातात आणि ऑनलाइन कुणालाही फुकट पाहता येतात. देश आणि प्रजाती निवडा. उद्देशाच्या रकान्यात 'एच' म्हणजे शिकारीची ट्रॉफी, उगमाच्या रकान्यात 'डब्ल्यू' म्हणजे रानातला आणि 'सी' म्हणजे बंदिवासात पैदास झालेला. ओळी मोजून तेवढे प्राणी मारले असं मात्र लिहू नका. एकाच हत्तीचे सुळे, पाय, कान आणि कातडी वेगवेगळ्या ओळींत येतात, आणि काही देश प्रत्यक्ष निर्यातीऐवजी दिलेले परवानेच नोंदवतात, त्यामुळे निर्यातदाराचा आणि आयातदाराचा आकडा जुळत नाही. सिंहाच्या नोंदींत 'सी' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढा आणि पत्राचा पहिला परिच्छेद त्या दोन आकड्यांवर लिहा.